बट्ट्याचे खाते

लातूरला आमच्या आजोबांची आडत होती. त्यांच्या खतावण्या पुढे कितीतरी वर्षे माळ्यावर पडून होत्या आणि शाळेच्या सुट्टीत मी त्या चाळायचो. त्या वह्यांत दोन रुपये नांदत होते. एक हाली, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा. दुसरा कलदार, म्हणजे इंग्रजी मुलखातला. लातूर निजामाच्या राज्यात, बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात, आणि १९११ पासून या दोन्ही पेठा बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांनी जोडलेल्या. तूर, शेंगा, सरकी गाडीत चढली की माल तोच राही, रुपया मात्र बदले. ढोबळ हिशेब ठरलेला होता : सात हाली म्हणजे सहा कलदार. पण बाजारात हा भाव थोडाफार हलायचा. सौदा झाला त्या दिवशीचा भाव वेगळा आणि पैसे हाती आले त्या दिवशीचा वेगळा. मग ते चार-सहा आणे जायचे कुठे? आजोबांच्या खतावणीत त्यांच्यासाठी एक स्वतंत्र पान होते आणि वर ठसठशीत अक्षरांत लिहिलेले होते ‘बट्टा खाते’.

अमेरिकेत तीस वर्षांहून अधिक काळ मी वेगवेगळ्या देशांतल्या कंपन्यांचे हिशेब डॉलरमध्ये आणून एका ताळेबंदात बसवण्याचे काम केले. या विषयाची ओळख करून देण्यासाठी लिहायला बसलो तेव्हा पहिल्यांदा ते पानच आठवले. कारण या विषयात गुणाकार-भागाकार फार सोपा आहे. तो संगणक डोळे मिटून करतो. भांडण होते ते बट्ट्याच्या खात्यावरून. तो फरक कोणाच्या नावे टाकायचा, नफ्यात दाखवायचा की भांडवलात, आज दाखवायचा की कंपनी विकेपर्यंत झाकून ठेवायचा, या एका प्रश्नावर अमेरिकेतल्या हिशेबतज्ज्ञांनी एक दशक वाद घातला. आज पुण्यातल्या एखाद्या ऑफिसात महिनाअखेरीला रात्री साडेअकरा वाजता कोणी ‘हेड ऑफिसचा आकडा का जुळत नाही’ म्हणून डोके धरून बसले असेल, तर त्या वादाचेच व्याज ते फेडत असते.

विषयाचे नाव लांबलचक आहे : स्थानिक चलनातील रकमा मुख्यालयाच्या चलनात मांडणे. ऑफिसात सगळे त्याला नुसते ‘ट्रान्सलेशन’ म्हणतात, आणि हा शब्द मला फार अचूक वाटतो. विमानतळावरच्या खिडकीत आपण रुपये देतो आणि डॉलर घेतो, तेव्हा पैसा खरोखर हात बदलतो. मुख्यालयाच्या अहवालात तसे काहीच घडत नाही. पुण्यातले रुपये पुण्यातच असतात, बँकेतून एक पैसा हललेला नसतो. फक्त रुपयात लिहिलेली गोष्ट डॉलरमध्ये सांगितली जाते. म्हणजे हे शब्दशः भाषांतर आहे. आणि भाषांतर करणाऱ्याला छळणारे सगळे प्रश्न इथेही छळतात : मूळ लेखकाशी इमान राखायचे की वाचकाच्या कानाशी? जुना शब्द जुन्याच अर्थाने घ्यायचा की आजच्या?

उदाहरणासाठी लांब जायला नको. इंडियाना राज्यातल्या कोलंबस या लहानशा गावात १९१९ साली कमिन्स ही डिझेल इंजिनांची कंपनी सुरू झाली. १९६२ मध्ये किर्लोस्करांबरोबर तिने पुण्यात कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स उभी केली. आजची कमिन्स इंडिया ती हीच. तिचे ५१ टक्के समभाग कोलंबसच्या मूळ कंपनीकडे आहेत. त्यामुळे इथले इंजिन रुपयात विकले जाते, कामगाराचा पगार रुपयात होतो, पण न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराला जो एकत्रित अहवाल दिसतो तो डॉलरचा. त्यात उरलेल्या ४९ टक्के भागधारकांचा वाटा वेगळा काढून दाखवावा लागतो आणि बट्ट्यातही त्यांचा हिस्सा असतो. भरीस भर म्हणजे पुण्याचे वर्ष ३१ मार्चला संपते आणि कोलंबसचे ३१ डिसेंबरला.

१९६२ साली डॉलरला ४ रुपये ७६ पैसे पडत. ६ जून १९६६ ला अवमूल्यन होऊन तो ७ रुपये ५० पैशांवर गेला. जुलै १९९१ मध्ये दोन दिवसांच्या अंतराने दोन धक्के बसले, १९९३ पासून भाव बाजारावर सोडला गेला आणि २०२२ च्या ऑक्टोबरात त्याने ८३ ओलांडले. आता कल्पना करा की १९६२ मध्ये कोण्या अमेरिकी कंपनीने पुण्यात शंभर रुपयांचे भांडवल घातले. ते डॉलरमध्ये २१ होते. ८४ चा भाव धरला तर तेच शंभर रुपये म्हणजे जेमतेम १ डॉलर १९ सेंट. भांडवलाच्या ओळीत कोणता आकडा लिहायचा? अमेरिकेतला नियम सांगतो, भांडवलाला ते घातले त्या दिवसाचाच दर. म्हणून मुख्यालयाच्या दरपत्रकात ४.७६ हा आकडा साठ वर्षांनंतरही जिवंत राहू शकतो. मुंबई-पुण्यातल्या तरुण हिशेबनिसांना मी हे सांगतो तेव्हा त्यांना वाटते मी थट्टा करतोय.

मात्र बाकीच्या ओळींना तो दर लागत नाही. यंत्रे, माल, येणी, देणी यांना ताळेबंदाच्या तारखेचा दर. विक्री आणि खर्च यांना वर्षभराचा सरासरी दर. एकाच तेरजेला, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांच्या यादीला, तीन दर लावल्यावर जमा आणि नावे यांच्या बेरजा जुळणार कशा? त्या जुळत नाहीतच. इथे एक छोटे गणित करून पाहू, कारण पुढच्या सगळ्या प्रकरणांचा गाभा त्यात आहे.

समजा वर्षाच्या सुरुवातीला एका पुणेकर उपकंपनीची निव्वळ मालमत्ता ८० कोटी रुपये आहे आणि दर ८० आहे; म्हणजे १ कोटी डॉलर. वर्षात तिने ८ कोटी २० लाख रुपये नफा मिळवला, सरासरी दर ८२, म्हणजे १० लाख डॉलर. वर्षअखेरीला निव्वळ मालमत्ता ८८ कोटी २० लाख रुपये आणि दर ८४. म्हणजे १ कोटी ५ लाख डॉलर. आता सुरुवातीचे एक कोटी आणि नफ्याचे दहा लाख मिळून एक कोटी दहा लाख व्हायला हवे होते. पाच लाख डॉलर कमी पडले. कोणी चोरले नाहीत, कोणी चुकले नाही. जुने ८० कोटी ८० च्या भावावरून ८४ वर आले त्यात सुमारे ४ लाख ७६ हजार गेले, आणि नफ्याचे रुपये ८२ वरून ८४ वर आले त्यात उरलेले सुमारे २४ हजार. पुण्याच्या व्यवस्थापकाला आपली मालमत्ता सव्वादहा टक्क्यांनी वाढलेली दिसते, कोलंबसच्या व्यवस्थापकाला पाच टक्क्यांनी. दोघेही खरे बोलतात. हे पाच लाख म्हणजे आजोबांचे बट्टा खाते. अमेरिकी ताळेबंदात त्याला ‘क्युम्युलेटिव्ह ट्रान्सलेशन ॲडजस्टमेंट’ म्हणतात, घाईत सगळे ‘सीटीए’.

आता तो वाद. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, जुलै १९४४ मध्ये, न्यू हॅम्पशायरमधल्या ब्रेटन वूड्सला जगाने डॉलरला मध्यभागी ठेवून चलनांचे भाव बांधून घेतले. तेव्हा हा विषय झोपलेलाच होता. दर वर्षानुवर्षे हलत नसतील तर बट्टा कशाचा? १५ ऑगस्ट १९७१ ला अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देणे बंद केले आणि १९७३ मध्ये मोठी चलने मोकळी झाली. त्याच वर्षी अमेरिकेत हिशेबाचे नियम ठरवणारे नवे मंडळ, फासबी, कामाला लागले. लिओनार्ड लोरेन्सन यांनी १९७२ च्या एका अभ्यासात मांडले होते की भाषांतराने हिशेबाचे तत्त्व बदलता कामा नये : जी वस्तू जुन्या किमतीने नोंदली तिला जुना दर, जी आजच्या किमतीने तिला आजचा. युक्तिवाद सुंदर होता. त्याच्या आधारावर ऑक्टोबर १९७५ मध्ये नियम क्रमांक ८ आला आणि त्याने हुकूम सोडला की जो फरक पडेल तो थेट त्या तिमाहीच्या नफ्या-तोट्यात टाका.

मग गंमत सुरू झाली. जर्मनीत कारखाना असलेली आणि त्यासाठी मार्कमध्ये कर्ज काढलेली अमेरिकी कंपनी घ्या. मार्क वधारला. कर्ज आजच्या दराने, म्हणून डॉलरमध्ये ते फुगले. कारखाना जुन्या दराने, म्हणून तो होता तिथेच. धंदा उत्तम, कारखान्याची खरी किंमत वाढलेली, आणि अहवालात तोटा! सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात डॉलर घसरत होता, त्यामुळे एकामागून एक कंपन्यांचे तिमाही आकडे झोपाळ्यावर बसल्यासारखे वरखाली होऊ लागले. काहींनी तर केवळ कागदावरचा हा तोटा टाळण्यासाठी चलनबाजारात खरे पैसे लावून सौदे केले. कागदी जखमेवर खऱ्या रक्ताची पट्टी, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो.

तक्रारींचा पाऊस पडला तेव्हा मंडळाने विषय पुन्हा उघडला आणि डिसेंबर १९८१ मध्ये नियम क्रमांक ५२ काढला. तोही चार विरुद्ध तीन अशा मतांनी, आणि विरोध करणाऱ्या तिघांत खुद्द मंडळाचे अध्यक्ष डोनाल्ड कर्क होते. एका मताने सुटलेला हा नियम नव्या क्रमांकाखाली आजही जगतो आहे. त्याने एक नवी कल्पना आणली : ‘फंक्शनल करन्सी’, म्हणजे ज्या चलनात तो धंदा खऱ्या अर्थाने श्वास घेतो ते चलन. कोथरूडचा कारखाना पुण्यात माल घेतो, भारतात विकतो, रुपयात कर्ज काढतो, तर त्याचे चलन रुपया. पण तीच अमेरिकी कंपनी पुण्यात एक छोटे ऑफिस उघडून फक्त मुख्यालयासाठी, मुख्यालयाच्या पैशावर काम करवून घेत असेल तर त्याचे चलन डॉलर ठरू शकते, पगार रुपयात होत असला तरी. पहिल्या प्रकारात बट्टा नफ्याला शिवत नाही. तो भांडवलाच्या विभागात वेगळा पडून राहतो आणि ती उपकंपनी विकली किंवा बंद केली त्या दिवशी नफ्या-तोट्यात उतरतो. दुसऱ्या प्रकारात तो आजच नफ्यात. म्हणजे एकाच शहरातल्या, एकाच मालकाच्या दोन ऑफिसांचा बट्टा दोन वेगळ्या पानांवर जातो. पुढे आंतरराष्ट्रीय नियमांनी ही कल्पना उचलली आणि तिथून ती भारताच्या ‘इंड एएस २१’ या हिशेबाच्या नियमात आली.

तरीही अल्पमताची बाजू मला पूर्ण फेकून देता येत नाही. १९६२ मध्ये रुपयात घेतलेली जमीन आजच्या दराने भागली की जो आकडा येतो तो काय असतो? ती जमीन घेताना मोजलेले डॉलर नव्हेत, आणि तिची आजची किंमतही नव्हे. जुनी किंमत आणि नवा दर यांचे हे कलम आहे. जिथे चलन सडत असते तिथे तर कारखानाच कागदावरून नाहीसा होतो. म्हणून नियमाने अपवाद ठेवला : तीन वर्षांत महागाई एकत्रित शंभर टक्क्यांच्या आसपास गेली की स्थानिक चलन सोडा आणि जुनी पद्धत लावा. व्हेनेझुएला २०१० पासून, अर्जेंटिना १ जुलै २०१८ पासून, तुर्कस्तान १ एप्रिल २०२२ पासून या यादीत आहेत. व्हेनेझुएलात तर पुढे कोणता अधिकृत दर खरा मानायचा हेच कळेना, डॉलर बाहेर काढता येईनात, आणि २०१५ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बल, कोलगेट यांसारख्या कंपन्यांनी तिथल्या उपकंपन्या आपल्या एकत्रित हिशेबातूनच वगळल्या. भाषांतरकाराने हात वर केले तर काय होते, याचे ते उदाहरण.

सॉफ्टवेअरकडे वळताना एक योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८१ मध्ये फासबीचे ऑफिस कनेक्टिकटमधल्या स्टॅमफर्डला होते. त्याच वर्षी, त्याच गावात एक छोटी कंपनी सुरू झाली. तिने पुढे वैयक्तिक संगणकावर समूहाचे हिशेब एकत्र करणारी प्रणाली विकली आणि कालांतराने ती हायपेरियन नावाने ओळखली गेली. २००७ मध्ये ओरॅकलने ती विकत घेतली. नियम जिथे लिहिला गेला त्याच गावात तो यंत्रात भरणारे जन्मले.

प्रणाली शिकणारा माणूस इथे पहिल्यांदा ठेचकाळतो, म्हणून थोडे रेंगाळतो. हायपेरियनमध्ये विक्रीसारख्या खात्यांसाठी दोन पद्धती आहेत, ‘व्हॅल’ आणि ‘पीव्हीए’. जानेवारीत ८० कोटी रुपये विक्री, दर ८०. फेब्रुवारीत ८४ कोटी, दर ८४. पीव्हीए प्रत्येक महिना त्याच्या त्याच्या दराने भागते आणि बेरीज करते : एक अधिक एक, दोन कोटी डॉलर. व्हॅल दोन महिन्यांची एकत्र विक्री, १६४ कोटी, फेब्रुवारीच्या ८४ ने भागते : सुमारे १ कोटी ९५ लाख. दोन्हींत पावणेपाच लाख डॉलरचा फरक, आणि व्हॅलमध्ये तो सगळा फेब्रुवारीच्या माथी बसतो. जानेवारीच्या विक्रीवरच्या घसरणीची शिक्षा फेब्रुवारीला. पीव्हीए मागचे महिने गोठवते. विक्रीच्या कोणा अधिकाऱ्याचा बोनस डॉलरच्या आकड्यावर ठरत असेल तर पद्धतीची निवड हा हिशेबाचा प्रश्न राहत नाही, हे वेगळे सांगायला नको.

सरासरी दरही वाटतो तितका निष्पाप नाही. ८० आणि ८४ ची सरासरी ८२. पण तुमची प्रणाली ‘एका रुपयाला किती डॉलर’ अशा उलट्या दरांची सरासरी काढत असेल तर उत्तर येते ८१.९५. पाच पैशांचा फरक. हजार कोटी रुपयांच्या विक्रीवर तो सुमारे ७३ हजार डॉलर होतो, आणि लेखापरीक्षक नेमका तोच विचारतो.

दर उलटा भरला जाणे हा तर या व्यवसायातला आद्य अपघात. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी एका कंपनीत नवा होतो, तिचे नाव इथे नको. प्रणालीला हवे होते ‘एका रुपयाला किती डॉलर’, आणि दर टाइप करणाऱ्याने भरले ४३. भारताची विक्री खऱ्या आकड्याच्या १८४९ पट झाली, म्हणजे ४३ चा वर्ग. संचालकांच्या बैठकीसाठी छापलेल्या तक्त्यात भारत अमेरिकेपेक्षा मोठा दिसत होता. दर टाइप करणारा मीच होतो.

एसएपी प्रणालीत दर जिथे साठवले जातात त्या तक्त्यात तर तारखाच उलट्या असतात. १ जानेवारी २०२४ ही तारीख ९९९९९९९९ मधून वजा करून ७९७५९८९८ अशी लिहिलेली सापडते, जेणेकरून सर्वांत नवी नोंद शोधताना आधी हाती लागावी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते तक्ता बिघडला. येनला पैसे नसतात, तरी तिथे दोन दशांश स्थळे धरून रक्कम साठवतात, त्यामुळे थेट तक्त्यातून उचललेला येनचा आकडा शंभरपट लहान दिसतो. कुवेती दिनाराला उलट तीन दशांश स्थळे. १९७८ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या आयएसओ ४२१७ या मानकाने चलनांना तीन अक्षरी नावे दिली, पण ही असली घरगुती भांडणे मिटवणे त्याच्या हातात नव्हते.

आणखी एक शब्द तुमच्या कानावर पडेल, ‘कॉन्स्टंट करन्सी’. बट्टा बाजूला काढून, गेल्या वर्षाचाच दर या वर्षाला लावून वाढ किती हे सांगण्याची रीत. पुण्याच्या पर्सिस्टंटसारख्या कंपन्यांच्या बाबतीत गाडी उलट्या दिशेने धावते : कमाई बरीचशी डॉलरमध्ये, ताळेबंद रुपयात, त्यामुळे रुपया पडला की आकडे गोड दिसतात. ही रीत उपयोगी आहे, पण नियमांच्या चौकटीबाहेरची आहे, आणि माझे निरीक्षण असे की रुपया प्रतिकूल गेला की कंपन्यांना ती जास्त आठवते.

हा विषय शिकायला हिशेबनीस असावेच लागते असे नाही. प्रणाली बसवणारे अभियंते, अहवाल वाचणारे व्यवस्थापक, कंपनीच्या दोन्ही टोकांना नातेवाईक असलेली आपली पुणे-इंडियाना कुटुंबे, सगळ्यांना तो लागतो. पुढची प्रकरणे वाचताना कागद-पेन्सिल जवळ ठेवा आणि संगणक सुरुवातीला बंद. पहिल्या प्रकरणात एक कच्ची तेरीज रुपयात दिली आहे, शेजारी तीन दरांची पट्टी, आणि डॉलरचा रकाना मुद्दाम कोरा. प्रत्येक ओळीला कोणता दर आणि तोच का, हे आधी समासात लिहा. बेरीज जुळणार नाही. जो फरक उरेल त्यासाठी खाली एक ओळ मोकळी सोडली आहे. तिला नाव मी दिलेले नाही.